नऊ नंबरची हजेरी

१

रोज सकाळी साडेआठला मी वॉकीटॉकीचे बारा सेट टेबलावर ओळीने उभे करते. एकेकाची बॅटरी काढायची, पितळी टोकं खोडरबराने घासायची, बॅटरी परत बसवायची, बटण दाबून बघायचं. सेट नवीन आहेत, त्यांना एवढं चोळायची गरज नाही असं स्टेशनमधले सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. धुरात शिरणारा माणूस माझ्या सेटवर बोलणार असतो, त्यांच्या मतावर नाही.

मी अग्निशमन दलात रेडिओ मेकॅनिक आहे, तेवीस वर्षं. सगळं स्टेशन मला ताई म्हणतं, साहेबसुद्धा. त्याचं कारण माझा धाकटा भाऊ. तो जवान म्हणून लागला त्या पहिल्याच दिवशी भर आवारात "ताई, डबा विसरलो" म्हणून ओरडला आणि तेव्हापासून मी सगळ्यांचीच ताई झाले. त्याचा सेट नऊ नंबरचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, चाळिशी गाठली तरी माझं एक ऐकत नाही.

आमचं जुनं दुखणं म्हणजे बेसमेंट. माणूस रॅम्पवरून खाली गेला की पहिल्या बेसमेंटमध्ये त्याचा आवाज तुटायला लागायचा, दुसऱ्यात नुसती खरखर, आणि तिसऱ्यात काहीच नाही. वर आम्ही कान देऊन बसायचो. आमच्याकडे नियम असा की आत माणसं असताना रेडिओ मेला, तर कोणाला विचारायचं नाही, दोर घेऊन बचाव तुकडी आत जायची. नियम चांगला होता, पण दर वेळी रेडिओ मरायचा आणि दर वेळी तुकडी धावायची. अशा एका फुकटच्या धावपळीत दोघांचे पाय मोडले, मग साहेब तुकडी पाठवायला कचरायला लागले. एकदा माझा भाऊ तिसऱ्या बेसमेंटमध्ये चाळीस मिनिटं वाट चुकून फिरत होता आणि वर मी हातातल्या सेटकडे बघत उभी होते. तो आला स्वतःच, खोकत, हसत. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की आता बास.

दोन वर्षं मी साहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी शहरातल्या सगळ्यात खोल इमारतीत, वर दुकानं आणि खाली तीन मजले पार्किंग, तिथे आमची तार लागली. तिला आम्ही गळकी तार म्हणतो. बागेतली भोकं पाडलेली नळी कशी सगळ्या वाफ्याला पाणी देत जाते, तशी ही तार जिथून जाते तिथे सिग्नल गाळत जाते. वरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये रिपीटरची, म्हणजे आवाज उचलून पुढे पाठवणारी पेटी, तिथून तार रॅम्पच्या छताला धरून खाली, थेट तिसऱ्या बेसमेंटच्या पंपरूमपर्यंत. पंपरूमच्या मागच्या भिंतीपाशी ती संपते. भिंतीच्या पलीकडे माती.

२

चाचणी रविवारी सकाळी झाली, दुकानं बंद असताना. सहा जण खाली उतरले. आम्ही रॅम्पच्या तोंडाशी कंट्रोल गाडीत बसलो. मी, साहेब आणि बोर्डवाली. बोर्डवाली म्हणजे आमची सगळ्यात जुनी ऑपरेटर. तिचा आवाज ऐकला की भलेभले सरळ उभे राहतात.

हजेरी दर दहा मिनिटांनी होते. बोर्डवाली नंबर पुकारते, आतला माणूस उत्तर देतो. तोंडावर मास्क असताना बोललेलं कोणाला कळत नाही, गुळण्या केल्यासारखं ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे बोलायची पद्धत नाही. बटण दोनदा दाबायचं. टक टक, म्हणजे ठीक आहे. लांब दाबलं तर मदत हवी. ज्याने दाबलं त्याचा नंबर बोर्डावर हिरवा होतो.

माझा भाऊ खाली गेला नव्हता. सकाळीच त्याच्या सेटचं बटण सैल लागलं म्हणून मी तो उघडला होता. बॅटरी एकीकडे, झाकण एकीकडे, आणि भाऊ गाडीच्या दारात चहा पीत उभा.

"हजेरी," बोर्डवाली म्हणाली, आणि सवयीने सगळी यादीच वाचत सुटली. खाली गेलेल्यांची उत्तरं आली, न गेलेले गप्प. तिसऱ्या बेसमेंटमधून पहिल्यांदा आमच्याकडे काही पोचत होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"नऊ," ती म्हणाली.

टक टक.

बोर्डावर नऊ हिरवा झाला.

 मग भाऊ म्हणाला, "बघा साहेब. मी चहा पितोय तरी काम चालू आहे."

सगळे हसले. बोर्डवालीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, हात लागला का तुमचा?"

"कशाला लागणार? बॅटरी इथे आहे."

"मग?"

"आठचं उत्तर दोनदा आलं असेल," मी म्हणाले. "तार नवीन आहे. आवाज परत फिरून येतो कधीकधी."

हे मी इतक्या सहज म्हणाले की माझा माझ्यावरच विश्वास बसला. साहेबांनी मान हलवली. "ताई, एकदाचं होऊन जाऊ द्या तुमच्या तारेचं," ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

३

डोक्यात मात्र किडा शिरला. फिरून आलेला आवाज आठचा असता तर बोर्डावर आठ उजळला असता. नंबर आवाजात नसतो, सेटच्या पोटात असतो. आणि नऊचं पोट माझ्यासमोर उघडं पडलं होतं.

कार्यशाळेत मी चार दिवस सगळं तपासलं. बोर्डाच्या आठवणीत जुना नंबर अडकला असेल, म्हणून बोर्ड पुसून काढला. रिपीटरचं झाकण उघडून पाहिलं. दुसऱ्या कोणाकडे चुकून नऊ नंबरचा सेट गेला असेल, म्हणून बारा सेट मोजले. बाराच होते. मी कारण शोधणारी बाई आहे, आणि कारण सापडलं नाही की मला भीती वाटत नाही, राग येतो.

शुक्रवारी दुपारी मी एकटी खाली गेले. खांद्याला पिशवी, पिशवीत बंद केलेला नऊ, हातात सिग्नल मोजायचं मीटर, कमरेला माझा सेट. वर दुकानांत गर्दी होती, दुसऱ्या बेसमेंटमध्ये कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. तिसऱ्या बेसमेंटमध्ये गाड्या कमीच, बाकी दुकानदारांचे पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत. पंपरूमचं लोखंडी दार जड आहे, ढकलावं लागतं. आत दोन निळे पंप, एक गळका नळ, एक उलटी बादली, एक ट्यूबलाइट. मागची भिंत साधी, चुना मारलेली. तार त्या भिंतीच्या दोन हात अलीकडे संपते, टोकाला मीच काळी टोपी बसवली होती.

दारापाशी मीटरवर पाच काड्या होत्या. तारेच्या टोकापाशी चार. मी भिंतीकडे एक पाऊल टाकलं की तीन व्हायला हव्या होत्या.

पाच झाल्या.

मी मीटर झटकलं. मागे आले, चार. पुढे गेले, पाच. भिंतीला टेकवलं तेव्हा काड्या शेवटपर्यंत भरल्या. रिपीटरच्या पेटीजवळही त्या मीटरने कधी एवढं दाखवलं नव्हतं. मी भिंतीवर बोटाने ठोकलं, आवाज भरीव आला. इमारतीचे नकाशे मी दोनदा पाहिले होते. पलीकडे माती होती, आणि मातीच्या पलीकडेही माती.

सेट तोंडाशी धरला आणि बोर्डवालीच्या सुरात म्हणाले, "नऊ, हजेरी द्या."

टक टक.

 पिशवीतला नऊ काढून पाहिला, बंदच होता.

"चौदा, हजेरी द्या," मी म्हणाले. आमच्याकडे चौदा नंबर नाही.

काही नाही.

"बारा."

टक टक.

म्हणजे आमचे नंबर किती, ते त्याला माहीत होतं. मी पुढे गेले आणि सेट त्या भिंतीला टेकवला.

"कोण आहे? माझ्या तारेवर बोलायचं तर आधी नाव सांगायचं."

गळक्या नळाचा आवाज येत होता. बाकी काही नाही. मी आणखी दहा मिनिटं तिथे उभी राहिले, नुसती हट्टाने, आणि मग चढ चढून वर आले. 

४

अहवालात एक रकाना असतो. चाचणीत काही वावगं आढळलं का.

खरं लिहिलं असतं तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी तार उतरवली असती. बंद सेट उत्तर देतो म्हटल्यावर कोण ठेवेल? आणि तार उतरली की माझा भाऊ पुन्हा मुका-बहिरा होऊन खाली जाणार. मला भिंतीमागचं काही नको होतं. मला खालचा माणूस ऐकू यायला हवा होता.

मी लिहिलं, "किरकोळ प्रतिध्वनी." सही केली. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

भावाला मात्र सांगितलं. त्याच्याच घरी, तो पोराच्या सायकलची साखळी बसवत होता, हात काळे. भावजय आत काहीतरी शोधत होती.

"हाक मारली की उत्तर देतं?" तो म्हणाला.

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"मग आमच्यापेक्षा शहाणं आहे. आम्हाला बोर्डवाली तीनदा ओरडते तेव्हा कुठे आम्ही बटण दाबतो."

"चेष्टा करू नकोस. त्या इमारतीत गेलास आणि काही बिनसलं, तर टक टक करत बसायचं नाही. मास्क असो नसो, बोलायचं. तोंडाने. मला कळेल."

"बरं."

"नक्की?"

"ताई, बरं म्हटलं ना." त्याने साखळी चढवली आणि पायडल फिरवून बघितलं. आतून भावजय म्हणाली, "एवढं ऐकतोय म्हणजे घाबरलाय हो तो." आम्ही तिघंही हसलो. मला त्या हसण्याने बरं वाटलं.

५

आग त्या शुक्रवारनंतर अठरा दिवसांनी लागली. मंगळवार, दुपारी दोन. तिसऱ्या बेसमेंटमधले पुठ्ठ्याचे खोके.

आम्ही पोचलो तेव्हा रॅम्पच्या तोंडातून काळा धूर लोळत बाहेर येत होता. दोन वाजून अकरा मिनिटांनी चौघं आत गेले. सहा आणि सात, आठ आणि नऊ. जोडीनेच जायचं असतं. प्रत्येकाच्या पाठीवर तीस मिनिटांची हवा.

पहिली हजेरी. चौघंही टक टक. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकू येतंय हं, ताई." दोन वर्षांत त्यांनी मला दिलेली ही एकमेव शाबासकी.

दुसरी हजेरी. चौघंही टक टक.

पंचविसाव्या मिनिटाला सहा आणि सात बाहेर आले, त्यांच्या सिलिंडरच्या शिट्या वाजत होत्या. मागोमाग आठ आला. एकटाच. त्याने मास्क ओढून काढला आणि आजूबाजूला पाहिलं.

"नऊ कुठाय?"

"तुझ्याबरोबर होता ना?" साहेब म्हणाले.

"खोके कोसळले मध्ये. मी हाका मारल्या, दिसला नाही. पण हजेरीत ठीक म्हणाला की तो. मला वाटलं पुढे निघाला."

तिसरी हजेरी. बोर्डवालीने एकच नंबर पुकारला.

टक टक. हिरवा.

"हं," साहेबांनी श्वास सोडला. "ठीक आहे. मागच्या जिन्याकडे गेला असेल, तिथे हवा असते."

"त्याला बोलायला सांग," मी बोर्डवालीला म्हणाले.

"नऊ, तोंडाने बोला. कुठे आहात?"

टक टक.

"नऊ, बोला."

टक टक. दोन्ही वेळा तेवढंच अंतर, तेवढाच जोर. हातात जाड हातमोजे असलेला, धापा टाकणारा माणूस असं बटण दाबत नाही. माझा भाऊ तर टेबलाशी बसूनही असं दाबत नाही. मी घड्याळ पाहिलं. चौतीस मिनिटं झाली होती.

"साहेब, तुकडी पाठवा."

"ताई, तो ठीक म्हणतोय."

"चौतीस मिनिटं झाली. त्याच्याकडे हवा नाही. तो ठीक कसा म्हणेल?"

"म्हणतोय ना पण. तुम्हीच ऐकताय. दोन मिनिटं थांबू. आतली छतं पडताहेत, ठीक म्हणणाऱ्या माणसाच्या मागे मी तिघांचा जीव घालू का?"

"ते उत्तर त्याचं नाही."

"मग कोणाचं?"

 साहेब चुकत नव्हते, हेच जीवघेणं होतं. रेडिओ चालू होता, माणूस उत्तर देत होता, नियमाप्रमाणे काळजीचं कारणच नव्हतं. दोन वर्षं भांडून मी जी तार लावून घेतली होती, तीच त्याला खाली धरून बसली होती.

६

मी गाडीतून उतरले आणि वॉचमनच्या केबिनमध्ये गेले. रिपीटरच्या पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता. मी मुख्य प्लग ओढला. पेटी मागच्या बॅटरीवर चालू राहिली, मीच तशी सोय केली होती. मग मी झाकण उघडलं आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी हाताने उपटल्या. दिवा गेला.

गाडीतून बोर्डवालीचा आवाज आला, "बोर्ड मेला, साहेब. सगळा मेला."

साहेब धावत आले. माझ्या हातातल्या वायरी त्यांनी पाहिल्या. तेवीस वर्षांत त्यांना इतकं लालबुंद झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय केलंत हे?"

"आत माणूस आहे आणि रेडिओ मेलाय," मी म्हणाले. "नियम काय सांगतो?"

 ते वळले आणि ओरडले, "तुकडी आत. दोर बांधा, मागचा जिना आणि पंपरूम, दोन्ही बघा." लांबू आणि त्याची दोन माणसं आधीच मास्क चढवत होती. अर्ध्या मिनिटात ते धुरात दिसेनासे झाले. लांबू आमच्या बचाव तुकडीचा म्होरक्या आहे, त्याला दरवाजातून वाकून जावं लागतं.

साहेब माझ्याजवळच उभे राहिले.   माझ्या एका हातात उपटलेल्या वायरी होत्या.

आणि माझ्या कमरेच्या सेटमधून आलं, टक टक.

साहेबांनी खाली पाहिलं. सेटच्या पडद्यावर आडवी रेघ होती, म्हणजे जोडणी नाही. रेघेच्या खाली, नऊ.

कोणी हाक मारली नव्हती. तरीही, टक टक. मग पुन्हा. मग पुन्हा, न थांबता, आमची समजूत घालत असल्यासारखं. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.

मी सेट तोंडाशी नेला. "गप्प बस," मी म्हणाले. "मला माहीत आहे तो ठीक नाही."

ते थांबलं.

७

त्याला अकरा मिनिटांनी बाहेर आणलं. शुद्ध नव्हती, पण श्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हॉस्पिटलमध्ये उशीला टेकून बसला होता. आवाज फाटलेला, भुवया जळलेल्या. भावजय औषधं आणायला खाली गेली होती.

"मला तुझा राग आलाय," तो म्हणाला. "किती वेळ लावलात."

"हो. उशीर झाला."

"तू सांगितलंस तसं बोललो मी. तोंडाने. खोके पडल्यावर लगेच."

मी त्याची उशी सरळ केली.

"तू म्हणालीस, पंपरूममध्ये जा, दार लावून घे. गेलो. मग म्हणालीस, आहेस तिथेच बस, आम्ही पोचतोय. दर थोड्या वेळाने म्हणत होतीस. मी म्हटलं, ताई, हवा संपली. तर म्हणालीस, मास्क काढ, इथली हवा चांगली आहे."

 त्या दुपारी मी त्याच्या सेटवर एक शब्दसुद्धा बोलले नव्हते.

"मग?" मी विचारलं. "काढलास?"

"वेडी आहेस का? तुझं कधी ऐकलंय मी? मास्क तसाच ठेवला, सिलिंडरची नळी काढून कोटात खुपसली, कोटातली हवा घेत बसलो." तो हसायला गेला आणि खोकला. "तू चिडलीस पण. सारखं सारखं तेच. काढ, काढ. इतकी काय मागे लागलीस?"

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायचे तसा, आणि त्याने लहानपणी झटकायचा तसाच तो झटकला. तो माझ्याशी बोलला नव्हता हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. आधी बरा होऊ दे, म्हटलं.

बाहेर लांबू भेटला. तो खालचं सांगत होता, नुसतं कामाचं सांगावं तसं. माझा भाऊ पंपरूमच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला होता, पाय पसरून. धूर दाराखालून येतच होता, भिंत काळी झालेली. "एक गोष्ट कळली नाही ताई," तो म्हणाला. "पण जाऊ दे. तुम्ही स्वतःच बघा."

८

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता.

"तार काढायची," ते म्हणाले.

"नाही."

"ताई, मी त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा होतो. मीही ऐकलं. काढायची."

"तार काढली म्हणून खाली जे आहे ते जाणार नाही. फक्त आपल्याला ऐकू येणार नाही. आणि आपली माणसं तिथे जाणारच, आग लागली की जावंच लागतं. आजवर तिथून काही ऐकू आलं नाही ते रेडिओ पोचत नव्हता म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग काय करायचं म्हणता?"

"नियम बदला. पंचविसावं मिनिट झालं की बाहेर डोळ्यांनी दिसेल तोच बाहेर. जो दिसत नाही त्याच्यासाठी तुकडी आत. रेडिओवर तो ठीक म्हणो, गाणं म्हणो. आणि नऊला खाली माझ्या आवाजात कोणीतरी मास्क काढायला सांगत होतं, तसा माझा आवाज आला तर ऐकायचं नाही. मी आतल्या माणसाला कधीच काही सांगणार नाही, हे सगळ्यांना माहीत असू द्या."

"कारण काय लिहू?"

मी अहवाल पुढे ओढला. "किरकोळ प्रतिध्वनी" वर रेघ मारली आणि वर लिहिलं, "अनोळखी उत्तर येते." सही केली, तारीख घातली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "लोक हसतील."

"हसू देत."

९

मी तिसऱ्या बेसमेंटमध्ये गेले ती दुपारी तीन वाजता. पाणी अजून साचलेलं होतं, वीज नव्हती, जळक्या पुठ्ठ्याचा वास घशात बसत होता. पंपरूमचं दार वाकलं होतं, पण ढकललं गेलं.

टॉर्च भिंतीवर टाकला. भिंत खालपासून वरपर्यंत काजळीने काळी झालेली. मधे एक स्वच्छ जागा होती, माणसाच्या पाठीएवढी, वर खांद्यांची गोलाई आणि डोक्याचा आकार. माझा भाऊ तिथे बसला होता. त्याने अंगाने अडवली तेवढी भिंत पांढरी राहिली होती.

तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी, दुसरी स्वच्छ जागा होती. तेवढ्याच उंचीची. तिचं डोकं मात्र पहिल्याकडे कललेलं होतं, कानाशी बोलायला कलतं तसं.

लांबूला हेच कळलं नव्हतं. आत एकच माणूस होता.

 तारेच्या टोकाची माझी काळी टोपी वितळून थेंबासारखी लोंबत होती. वर रिपीटरची पेटी मी अजून जोडलेली नव्हती, आणि कमरेचा सेट बंद होता, हे मला पक्कं आठवतं.

सेटमधून माझा आवाज आला.

"नऊ, हजेरी द्या."

माझाच. शब्द तोडायची माझी पद्धत, नंतर दहा मोजून थांबायची पद्धत. बरोबर दहा मोजून पुन्हा, "नऊ, हजेरी द्या." त्यात कसलाही राग नव्हता, धमकी नव्हती. एक माणूस कमी भरतोय आणि काम बंद करता येत नाही, अशी कळकळ होती.

पळून जावं असं वाटलं. पायांनी तयारीही केली होती. मग मला आठवली ती चाळीस मिनिटं, रॅम्पच्या तोंडाशी, हातातल्या मुक्या सेटकडे बघत घालवलेली. आता निदान कोणाशी भांडायचंय ते तरी ऐकू येत होतं.

मी सेट काढला आणि बटण दाबलं.

"नऊ घरी आहे," मी म्हणाले.

पलीकडे शांतता. दहा मोजायला लागतात तेवढी.

"नऊ, हजेरी द्या."

"नऊ घरी आहे. तो येणार नाही."

पुन्हा दहा. या वेळी ते थांबलं ते जास्त वेळ थांबलं. नळ गळत होता. मग माझाच आवाज, थोडा जवळून, यादी वाचताना पुढच्या ओळीवर बोट ठेवावं तसा, म्हणाला, "दहा, हजेरी द्या."

मी टॉर्च पंपावर ठेवला, उजेड भिंतीकडे राहील असा. पडलेली बादली पायाने सरळ करून उलटी टाकली आणि त्या दुसऱ्या पांढऱ्या जागेच्या समोर बसले. मला कुठे जायचं नव्हतं. यादी बारा जणांची होती आणि ती मला पाठ होती.

"दहासुद्धा घरी आहे," मी म्हणाले.